टेनेरिफे 'लोकल' होऊन पाहावं, की सरळ पाहुणा म्हणून?

भटकभवानी (धागाकर्ती)

हॅम्बुर्गच्या फेब्रुवारीला वैतागून १२ दिवस टेनेरिफेला राहून आले. कॅनरी बेटांतलं हे सगळ्यात मोठं बेट. देश स्पेन, पण जवळचा किनारा आफ्रिकेचा. प्रवासवर्णन पाडत नाही, काळजी नसावी. धागा वाद घालायलाच काढलाय. माझं म्हणणं एवढंच, की दक्षिणेच्या हॉटेलात आठवडाभर आरामखुर्चीवर पालथं पडून जे परत येतात त्यांनी टेनेरिफे पाहिलेलंच नसतं.

आधी भूगोल. बेटाच्या मधोमध तेइदे हा ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. ईशान्येचे वारे उत्तरेच्या उतारावर ढग आणून टेकवतात, म्हणून तिकडे केळीच्या बागा, द्राक्षमळे, ओलं रान. दक्षिणेला पावसाची बोंब आणि बारमाही ऊन. कोकण आणि माण-खटाव एकाच तालुक्यात कोंबावेत तसं. पर्यटक उन्हामागे दक्षिणेला पळतो, जुनी गावं मात्र बहुतेक उत्तरेला.

मी उत्तरेला, ला ओरोतावामध्ये एका चाळवजा इमारतीत फ्लॅट घेतला. गाडी घेतली नाही. बसला तिथे 'ग्वाग्वा' म्हणतात. माद्रिदवाल्यांसारखं 'आउतोबुस' म्हणालात की परके ठरलात. ग्वाग्वाने आनागाच्या लॉरेलच्या जंगलात गेले, तागानानाला उतरून मासे खाल्ले, लास तेरेसितासच्या बीचवर शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोरांबरोबर डुंबले.

आणि ग्वाचिंचे! द्राक्षमळेवाल्याने घरची वाइन संपवण्यासाठी गॅरेजात किंवा अंगणात मांडलेली खानावळ. २०१३ च्या नियमाप्रमाणे वाइन स्वतःच्याच मळ्यातली हवी, पदार्थ तीनच, आणि वर्षातून जास्तीत जास्त ४ महिने उघडं. वाइन संपली की कुलूप. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मला गोफियो चाखवला. धान्य भाजून दळलेलं पीठ. अहो, हे तर सातूचं पीठ! माझ्या आजीने लगेच गूळ मागितला असता.

१२ दिवसांत मला कोणी टुरिस्ट समजलं नाही. तर मंडळी, फिरायचं तर असं. पटत नसेल तर या अंगावर.

खवचट काका

मराठी बाई, हातात फोन, पिठाचा फोटो काढतेय, आणि कोणी टुरिस्ट समजलं नाही. बरं. हलके घ्या.

निवृत्तीनाथ

आम्ही दोघं त्या पालथ्या पडणाऱ्यांपैकी. मी ६८, ही ६५, हिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मुलगा डब्लिनला असतो, त्याने कोस्ता आदेहेला खाण्यापिण्यासकट सात दिवसांचं पॅकेज काढून दिलं. सकाळी समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर चालायचो, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्र. एक दिवस बोटीने पायलट व्हेल बघितल्या. टेनेरिफे आणि ला गोमेरा यांच्या मधल्या पाण्यात त्या बारमाही असतात. ही त्या दिवशी लहान मुलीसारखी ओरडली. ३८ वर्षांच्या संसारात तिला असं ओरडताना मी प्रथमच ऐकलं (माझ्यावर ओरडणं वेगळं).

आता हे टेनेरिफे नव्हे म्हणता, तर नसेल. पण ताई, एक विचारू? आम्ही हॉटेलात राहिलो आणि ते हॉटेल म्हणूनच बांधलेलं होतं. तुमच्या चाळवजा इमारतीतल्या त्या फ्लॅटमध्ये तुमच्याआधी कोण राहत होतं?

भटकभवानी

काका, गुडघ्यांबद्दल क्षमस्व, रोख तुमच्यावर नव्हता. फ्लॅटच्या मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. माझे पैसे त्यांच्या हातात गेले, कुठल्या हॉटेलसाखळीच्या मुख्यालयात नाही. हा फायदा स्थानिकांचाच ना?

तारेवरची कसरत

मालकीणबाईंचा फायदा, हो. त्या घरात भाड्याने राहू पाहणाऱ्याचा?

मी खगोलशास्त्रातली. कॅनरीची खगोलभौतिकी संस्था ला लागुनात आहे आणि दुर्बिणी वर इसान्याला, तेइदेच्या बाजूला. तिथे २ वर्षं काढली. पहिले ३ महिने खोली शोधण्यातच गेले. एक खोली मिळाली, मालक म्हणाला जूनपर्यंतच, पुढे सुट्टीवाल्यांना देतो, ते आठवड्याला तुझ्या महिन्याएवढं देतात. मला पर्याय होता, परत जायचं तिकीट काढता आलं असतं. माझ्याबरोबर खोली शोधणारी नर्स त्याच बेटावर जन्मलेली. ती तिशी उलटूनही आईच्या घरी परत गेली.

२० एप्रिल २०२४ ला सगळ्या बेटांवर मोर्चे निघाले, घोषणा होती 'कानारियास तिएने उन लीमिते', कॅनरीला मर्यादा आहे. हजारो लोक रस्त्यावर होते. ला लागुनात त्याआधीपासून काहीजण उपोषणाला बसले होते. हे सगळं 'टुरिस्ट नको' असं नव्हतं, बातम्यांनी तसं रंगवलं. बेटांची लोकसंख्या सुमारे २२ लाख, आणि २०२३ मध्ये परदेशी पर्यटकच जवळपास १ कोटी ४० लाख. भाड्याचं घर हा रागाचा मोठा भाग होता. आणि भाड्याची घरं नेमकी कुठे जातात? 'लोकलसारखं राहा' म्हणणाऱ्या जाहिरातींत.

आणखी एक. खरा लोकल कसा ओळखायचा, सांगू? 'रेसिदेन्ते' या शब्दाने. नेहमी प्रवास करणाऱ्या रहिवाशांना २०२३ पासून ग्वाग्वा फुकट आहे, मुख्य भूमीच्या विमानतिकिटावर ७५ टक्के सूट आहे. ग्वाग्वात चढताना तुम्ही तिकिटाचे पैसे मोजलेत, तिथेच ड्रायव्हरला कळलं तुम्ही कोण. गर्दीच्या वेळी तुमच्या सुटकेसमुळे मागच्या थांब्यावर कामावर जाणारी बाई राहिली असेल, तर ती तुम्हाला टुरिस्टच समजली.

माडाखालचो

वरच्या प्रतिसादाला +१०००. आमच्या बार्देशातल्या गावात हेच झालं. आधी बीचवर शॅक आले, लोक म्हणाले पर्यटन वाढलं, बरं झालं. पर्यटक संध्याकाळी किनाऱ्यावरनं परत जायचा आणि गाव गावाचं राहायचं. मग आला तो 'खरा गोवा' शोधणारा. त्याला शॅक नको, त्याला पोर्तुगीज काळातलं घर हवं, बाल्कांव म्हणजे दारापुढची ओसरी हवी, विहीर हवी, सकाळी सायकलवर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हवा. शेजारचं घर विकलं गेलं, मग पलीकडचं. आता वाड्यावर रात्री दिवा लागतो तो फक्त वीकेंडला. पोदेर यायचा बंद झाला, कारण रोज पाव घेणारी माणसंच नाहीत.

बीचवर लोळणाऱ्याने आमचं काय नेलं नाय. आमच्यासारखं राहायला आलेल्याने आमचा वाडा नेला.

उंटावरचा शहाणा

थांबा थांबा, हॉटेलवाल्यांना इतक्या स्वस्तात सोडू नका. निवृत्तीनाथ, राग नसावा, पण ते उपोषण कशासाठी होतं? त्यांच्या मागण्यांत दक्षिणेतली दोन बांधकामं थांबवा हे वरच होतं: ला तेहिताच्या किनाऱ्यालगतचं हॉटेल आणि पुएर्तितो दे आदेहेचा आलिशान प्रकल्प. दुसरा तर तुमच्या कोस्ता आदेहेच्या शेजारीच. म्हणजे घर भाड्यात जातं तसा किनारा हॉटेलात जातो.

शिवाय पाणी. टेनेरिफेला बारमाही नदी नाही. लोकांनी डोंगराच्या पोटात आडवे बोगदे खणून पाणी काढलं, 'गालेरिया' म्हणतात त्यांना. असे हजाराहून जास्त बोगदे आहेत. बहुतेक खाजगी मंडळ्यांनी पदरचे पैसे घालून खणलेले, आणि भागधारकाला तासाच्या हिशेबाने पाणी. आपल्याकडच्या पाटपाण्याच्या पाळीची आठवण येते ना? त्या पाण्यावर केळी पिकली. दुष्काळामुळे २०२४ च्या मार्चमध्ये बेटाच्या काबिल्दोला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला म्हणा, पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर करावी लागली. पोहण्याचे तलाव भरलेलेच होते. समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात असं उत्तर येईल. येतं. त्याला वीज लागते आणि ती बेटावर मुख्यत्वे तेल जाळून होते.

निवृत्तीनाथ

मान्य. तलावात आम्ही उतरलो नाही, पण ते काही उत्तर नव्हे. आंघोळ मात्र आम्हाला गावची सवय, बादलीने. तिथे बादलीच नव्हती.

भाकरतुकडा

वाद चालू द्या, पण शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? ग्वाचिंचेत बटाटे तरी मिळतात का?

तारेवरची कसरत

मिळतात. 'पापास अरुगादास': छोटे बटाटे सालासकट भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात उकडायचे, पाणी आटवायचं, सालावर मिठाची पांढरी साय धरते. बरोबर मोहो. लाल मोहो सुक्या मिरचीचा, हिरवा कोथिंबिरीचा. स्पेनमध्ये राहून कोथिंबिरीची चटणी! पहिल्या दिवशी मी नुसती चमच्याने खाल्ली. काबुली चण्याच्या 'गारबान्सास'ला भुलू नका, त्यात डुकराचं मांस असतं. गोफियो माशाच्या रश्श्यात कालवतात, तोही विचारून घ्या. केळं आणि मध घालून मळलेला मिळाला तर सोडू नका. कॉफीत 'बाराकितो' मागवाल तर त्यात दारू असते.

कीस काढणारा

माझा प्रश्न मुळातला आहे. धागाकर्तीने 'लोकल' म्हणून जे जे मोजलं ते कुठलं? बटाटा अँडीज पर्वतातला. लास तेरेसितासची पिवळी वाळू सहाराची, १९७०च्या दशकात जहाजाने आणून टाकली. मूळ किनारा काळ्या दगडांचा. 'ग्वाग्वा' क्युबातही म्हणतात. बेटावरचे लोक पोटासाठी पिढ्यान्पिढ्या क्युबाला, मग व्हेनेझुएलाला गेले आणि परत येताना आरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकरी, घेऊन आले. आज बेटाच्या राजधानीत, सांता क्रूसमध्ये, आरेपाची दुकानं गल्लोगल्ली आहेत. व्हेनेझुएलाला तिथे आठवं बेट म्हणतात.

१८५२ मध्ये कॅनरीची बंदरं मुक्त व्यापाराला खुली झाली आणि पुढे त्याच व्यापारामागे सिंधी आले. त्यांची आताची पिढी कॅनरीच्या उच्चारात स्पॅनिश बोलते. बाजारात आपल्यासारखा चेहरा दिसला म्हणून कोणी हिंदीत हाक मारेल तर ती व्यक्ती मान वर करेलच असं नाही. तेव्हा धागाकर्तीला टुरिस्ट समजलं नसेल याचं एक कारण हेही असू शकतं, की दुकानदारीणबाई वाटल्या असतील.

आणि ज्यांना खरंच मूळचे म्हणावं त्या ग्वांचे लोकांची भाषा १५ व्या शतकातल्या स्पॅनिश विजयानंतर हळूहळू संपली. त्यांच्या जेवणातलं गोफियो मात्र राहिलं.

खवचट काका

म्हणजे सातूचं पीठ सोडून सगळेच टुरिस्ट. धागा बंद करा.

भटकभवानी

काका, बंद नाही होत.

दुकानदारीणबाई वाटले असेन ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती, आणि आता दुसरं काही येत नाहीये, कारण एका बाईने मला चार्जरची किंमत विचारली होती. मी तिला लोकांचा मोकळेपणा समजले होते.

फ्लॅटचं मी मान्य करते. मालकीणबाईंना निरोप पाठवून विचारलं, आधी कोण राहत होतं. म्हणाल्या, एक शिक्षिका, ९ वर्षं. पुढे काही विचारलं नाही. पुढच्या वेळी पुएर्तो दे ला क्रूसमध्ये एखादं जुनं छोटं हॉटेल बघेन. ते गाव दक्षिणेच्या कितीतरी आधीपासून पाहुणे घेतंय, हॉटेलं गावातच आहेत.

पण ग्वाग्वा आणि ग्वाचिंचे मी सोडणार नाही. भाड्याच्या गाड्या घेऊन सगळे निघाले तर उत्तरेच्या महामार्गावर रोज सकाळी कामाला जाणारे जे तासन्‌तास अडकतात, त्यांच्यात भरच पडेल. ग्वाचिंचेवाल्याची वाइन मी विकत घेतली तर त्याच्या मळ्यावर बंगला उभा राहायला एक वर्ष उशीर होईल, एवढं तरी म्हणू द्या. 'लोकल' शब्द मागे घेते. खाणं मागे घेत नाही.

तारेवरची कसरत

खाणं कोणी मागतही नाहीये. फक्त त्यांच्या रविवारी जाऊ नका. रविवारी दुपारी अख्खी घराणी आजीआजोबांसकट येतात, बाहेर रस्त्यावर रांग असते, आणि चौघांच्या टेबलावर दोन परदेशी माणसं एका बटाट्याच्या प्लेटवर दीड तास फोटो काढत बसली की मळेवाला काही बोलत नाही, पण मी तिथे वाइन वाढायला मदत करत असे, मागे स्वयंपाकघरात काय बोलतात ते मी ऐकलंय. मंगळवारी जा.

माडाखालचो

मंगळवारी आमच्याकडे पण या. शनिवार सोडून कधीही या.

भाकरतुकडा

सगळं वाचलं, छान चर्चा. एक राहिलंच: फेब्रुवारीत स्वेटर लागतो का?

तारेवरची कसरत

ला लागुना साधारण ५५० मीटरवर आहे, ढगात. घरांना हीटर नसतात आणि भिंतींना बुरशी येते. मी २ वर्षं स्वेटर घालून झोपले. त्याच दिवशी दक्षिणेला लोक पोहत असतात आणि वर तेइदेवर बर्फ असतं.

निवृत्तीनाथ

आम्ही हिच्यासाठी शाल नेली होती. बोटीवर लागली.