राजाजींना स्वातंत्र्य हवे होते ते कोणापासून?

धागाकर्ती : ‘राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा) परंपरावाद ही त्यांची खासगी बाब होती, राजकारणात ते निखळ स्वातंत्र्यवादी होते,’ असे एका सदस्याने काल येथे लिहिले आहे. ते वाचून राहवले नाही. १९३७ साली मद्रास प्रांताची सत्ता हाती येताच सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू करणाऱ्या आणि १९५३ साली शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणणाऱ्या नेत्याने परंपरा घरी ठेवली होती, असे कसे म्हणता येईल? कुटुंब, जात आणि धर्म माणसाला आवर घालतील अशी खात्री असल्यामुळेच ते सरकारला ‘बाजूला व्हा’ म्हणू शकले, असे माझे मत आहे.

निफाडकर : ताई, १९५२ साली मद्रासमधील धान्यावरची नियंत्रणे उठवली ती याच राजाजींनी, आणि काँग्रेसच्या नागपूर ठरावातील सहकारी शेतीला विरोध म्हणून १९५९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष काढला तोही त्यांनीच. परमिट-लायसन्स राज, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला सरकारची परवानगी लागणे, काय असते ते आम्हाला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा माझा ट्रॅक्टर बाजार समितीत उभा होता. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

एक वाचक : निर्यातबंदी उठवा म्हणणारेच पुढे हमीभाव मागतात. सरकार नको असेल, तर पूर्णपणे नको म्हणावे.

निफाडकर : कांद्याला हमीभाव नाहीच, एवढे तरी माहीत करून घ्या! भाव चढला की सरकार येते आणि पडला की कोणी फिरकत नाही. शरद जोशी हेच आयुष्यभर सांगत होते आणि १९९४ साली त्यांनी स्वतंत्र भारत पक्षही काढला.

धागाकर्ती : कांद्याबाबत आपले म्हणणे मान्य करावेच लागेल. परंतु माझे आजोबा परीट होते. शाळा अर्धवेळ असती, तर उरलेला अर्धा दिवस ते घाटावरच असते आणि आज मी हे लिहीत नसते. सरकार दूर झाले म्हणून गाव त्यांना मोकळे सोडणार नव्हते. राजाजींनंतर मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी १९५४ साली ती योजना रद्द केली, ते योग्यच झाले.

निफाडकर : शाळेच्या बाबतीत नाइलाजाने मान्य आहे, माझ्या मुलीलाही मी कांदा लावायला घरी बसवणार नाही. मात्र ती योजना सरकारी हुकमानेच आली होती. त्यामुळे दोष राजाजींच्या स्वातंत्र्यविचाराचा नाही, तो त्यांनी शाळेच्या दारात थांबवला याचा आहे.