मदत हवी आहे: आशाताई लस घ्यायला तयार नाहीत, समजवायचं कसं?

गटप्रवर्तक_ताई (६ फेब्रुवारी २०२१)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

मी घाटमाथ्यावरच्या एका तालुक्यात आशा गटप्रवर्तक आहे. माझ्या हाताखाली बावीस आशा. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं आणि पहिल्या टप्प्यात नावं आमचीच. ग्रामीण रुग्णालयात सत्र असतं. मेसेज येतो, मी फोन करते, "हो ताई, येते" म्हणतात आणि येत नाहीत. एकीच्या घरी पाहुणे, एकीची कापणी, एकीला नेमका त्याच दिवशी ताप. आतापर्यंत फक्त सहाजणींनी घेतली, त्यातली एक मी.

वरून रोज विचारणा होते. परवाच्या मीटिंगमध्ये आम्हाला सांगितलं की शंभर टक्के झालं नाही तर मोबदल्याचं बघू. हे मी आशांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर उरलेल्याही जातील, एवढी ओळखते मी त्यांना.

या बायका अडाणी नाहीत हो. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत "या लसीने पोरं होत नाहीत" ही अफवा याच बायकांनी दारोदार जाऊन खोडून काढली होती. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"ला ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेल्या, लोकांनी अंगावर कुत्री सोडली तरी गेल्या. त्याच आता मला विचारतात, "ताई, दहा वर्षं लागतात ना लस बनायला? मग ही वर्षात कशी आली? आणि पहिली आमच्यावरच का?"

त्यातली एक मला म्हणाली, "मास्क द्यायच्या वेळी आम्ही शेवटी होतो, सुई टोचायच्या वेळी पहिल्या." मला उत्तर सुचलं नाही.

बाकीच्या शंका: एकीचं बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पितं. दोघींना मूल हवंय. एकीला ऑक्टोबरमध्ये कोरोना होऊन गेला, ती म्हणते मला गरजच नाही. तिघींचे नवरे नको म्हणतात. शिवाय मोबाइलवर लस घेतल्यावर गेलेला मुरादाबादचा वॉर्डबॉय आणि नॉर्वेतली म्हातारी माणसं फिरतातच आहेत. आणि सगळ्यांचं एक पालुपद, रुग्ण तर कमी झालेत, आता कशाला?

ओरडा नको, भाषण नको. बोलायचं काय आणि कसं ते सांगा. जाणकार कुणी आहे का इथे?

---

साधा_एमबीबीएस

ताई, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो.

आधी यादीतून बाळवाली काढा. केंद्र सरकारच्या सध्याच्या (फेब्रुवारी २०२१) सूचनेनुसार गरोदर आणि स्तनदा मातांना लस द्यायचीच नाही. तिला "नकार" या रकान्यात टाकलं असेल तर ते चूक आहे, ती पात्रच नाही. दुसरं, लस ऐच्छिक आहे, हे आरोग्य मंत्रालयाने लेखी सांगितलंय. मोबदला अडवण्याची भाषा कोण करत असेल त्याला हे विचारा. (विचारणं सोपं नाही, कळतं मला.)

"वर्षात कशी आली?" याचं उत्तर असं द्या. कोव्हिशिल्ड ज्या पद्धतीने बनते, म्हणजे चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू पांगळा करून त्यातून माहिती पोचवायची, त्यावर ऑक्सफर्डमध्ये आधीपासून काम चालू होतं. मर्स या कोरोनाच्याच कुळातल्या आजारासाठी त्यांनी तशीच लस केली होती. कोरोनासाठी फक्त आतला मजकूर बदलावा लागला. चाचण्यांचे टप्पे एकामागून एक न करता एकमेकांवर चढवून केले, पैसा आधीच ओतला, आणि साथ एवढी होती की निकालासाठी रुग्णांची वाट बघावी लागली नाही. पांगळा केलेला विषाणू शरीरात वाढत नाही. वंध्यत्वाच्या गोष्टीला आधार नाही.

निकाल डिसेंबरमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेत. ब्रिटन आणि ब्राझीलमध्ये साडेअकरा हजारांवर लोक होते. पहिल्या डोसनंतर तीन आठवडे उलटल्यावर जे दहा जण रुग्णालयात भरती झाले ते सगळे लस न मिळालेल्या गटातले. तुमच्या आशांना टक्केवारी सांगू नका, एवढंच सांगा.

मुरादाबादच्या माणसाच्या शवविच्छेदनात हृदय-फुप्फुसाचा आजार निघाला. नॉर्वेतली माणसं अतिवृद्ध, आजारी होती आणि लस फायझरची होती, आपल्याकडे ती नाहीच. पण हे सांगताना "अफवा आहे" म्हणून उडवू नका. माणूस गेलाय, त्याची चौकशी झाली, त्यात हे निघालं, असं सांगा.

---

रात्रपाळी

मी निवासी डॉक्टर आहे आणि थोडी उलटी बाजू मांडतो. शंका काढणाऱ्यांना मागास समजायची फॅशन आलीय, तिचा मला राग येतो. १६ जानेवारीलाच दिल्लीत राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशिल्ड मागितली. कारण साधं आहे. कोव्हॅक्सिनच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात २५,८०० लोक घेतलेत, पण परिणामकारकतेचा आकडा अजून आलेला नाही. परवानगीच "क्लिनिकल ट्रायल मोड"मध्ये, म्हणजे चाचणीसारखी, वेगळ्या संमतिपत्रावर सही घेऊन. सही मागणार आणि प्रश्न विचारला की देशद्रोही ठरवणार, हे कसं चालेल? आकडा येईल तेव्हा मी आनंदाने घेईन.

ताई, तुमच्याकडे कोणती आहे ते आधी बघा. राज्यात कोव्हॅक्सिन मोजक्या ठिकाणी आहे, मुंबईच्या जेजेसारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत. ग्रामीण रुग्णालयात बहुधा कोव्हिशिल्डच असेल. कुपी दाखवा, नाव वाचू द्या.

---

गटप्रवर्तक_ताई

कोव्हिशिल्डच आहे. कुपी दाखवायची कल्पना आवडली. दहा डोसांची असते, उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून सिस्टर कमी जणी आल्या की फोडायलाच तयार नसतात. आलेली बाई तासभर बसून परत जाते आणि गावात जाऊन सांगते, "लसच संपली." हेही एक कारण आहे न येण्याचं, आता लिहिताना जाणवलं.

---

लेस्टरकर

मूळची सांगलीची, इथे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, नर्स आहे. ८ डिसेंबरपासून चालू आहे आमच्याकडे. तुम्हाला वाटेल विलायतेत सगळ्यांनी रांगा लावल्या असतील. मुळीच नाही. आमच्या वॉर्डात मागे राहिलेल्या बहुतेक आपल्याच, भारतीय, आफ्रिकन, फिलिपिनो. त्यांनाही हेच म्हणायचं होतं, पीपीईच्या वेळी आम्हाला कोण विचारत होतं?

आमच्या मेट्रनने पत्रकं वाटली, उपयोग शून्य. उपयोग झाला तो चहाच्या खोलीत. एका मल्याळी सिस्टरने घेतली आणि दुसऱ्या दिवशी दंड धरून कामावर आली, "रात्री हुडहुडी भरली, पॅरासिटामॉल घेतली, सकाळी उठले" असं सगळ्यांना सांगत बसली. तिने त्रास लपवला नाही म्हणूनच बाकीच्यांनी विश्वास ठेवला. तुम्ही सहाजणी आहात ना? तुम्हाला काय झालं ते सांगा, न झालेलं "काहीच होत नाही" सांगू नका.

---

साधा_एमबीबीएस

लेस्टरकर यांच्याशी शंभर टक्के सहमत. कणकण, अंगदुखी, दंड दुखणं हे तरुणांना जास्त होतं, वयस्कांना कमी, आणि कोव्हिशिल्डच्या दुसऱ्या डोसला सहसा पहिल्यापेक्षा कमी. हे आधीच सांगितलं की ताप आला तरी "सांगितलं होतं तसंच झालं" म्हणतात. अर्धा तास बसवून का ठेवतात तेही सांगा. गंभीर ॲलर्जी आलीच तर बहुतेकदा त्याच वेळात येते, आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन तिथे तयार असतं.

कोरोना होऊन गेलेलीलाही लस द्यायचीच आहे. लक्षणं असतील तर बरं झाल्यावर चार ते आठ आठवडे थांबायचं, तिला तर केव्हाच उलटून गेले.

---

कण्हेर

सत्र आणि मजुरी एकाच दिवशी येऊ देऊ नका. ताप आला तर दोन दिवस घरचं कोण बघणार, हा खरा प्रश्न असतो. नवऱ्यांचं "नको" बऱ्याचदा तिथूनच येतं.

---

गटप्रवर्तक_ताई (१९ फेब्रुवारी)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय.

मीटिंग घेतली नाही. आम्ही सहाजणी आणि बाकीच्या, सगळ्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसलो. मला काय झालं ते सांगितलं, दोन दिवस हात वर होत नव्हता, वेणी घालता येईना, मुलीने घालून दिली. त्यावर सगळ्या हसल्या आणि मग एकेकीने विचारायला सुरुवात केली. मास्कच्या बोलण्याला मी उत्तर दिलं नाही, "खरं आहे तुझं" एवढंच म्हटलं. तिने अजून घेतलेली नाही.

सिस्टरांशी बोलून शनिवारचं सत्र ठरवलं, म्हणजे रविवार हाताशी. दहा जणी एकत्र जीपने गेल्या, एका कुपीचं काम झालं. दोघींना ताप आला, बाकी ठीक. अमरावती-अकोल्यात रुग्ण वाढल्याच्या बातम्यांनीही काम केलं, खोटं कशाला बोलू.

आता नवीन अडचण. दोघी तयार आहेत पण त्यांना मेसेजच येत नाही. एकीचं आधारवर माहेरचं नाव आहे. काय करू?

---

साधा_एमबीबीएस

आधार घेऊन दोघींना केंद्रावरच न्या. को-विनवर, म्हणजे लसीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नाव चढलेलं असेल तर तिथला ऑपरेटर शोधून जागेवर घेऊ शकतो, मेसेजची वाट बघू नका. नावच चढलेलं नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात डेटा एंट्रीवाल्याकडे जा, आणि माहेरच्या नावानेही शोधायला सांगा.