मदत हवी आहे: आईचं थायरॉइडचं ऑपरेशन, आणि तिला काळजी दिसण्याची

संत्राबर्फी:
पुढच्या गुरुवारी नागपूरला धंतोलीत आईचं (वय 58) थायरॉइडचं ऑपरेशन आहे. ती ऑपरेशनला तयार आहे, पण बाकीच्याच गोष्टींचं टेन्शन घेऊन राहिली आहे. मंगळसूत्र काढायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. जोडवी तर निघतच नाहीत. लग्नाची मेंदी अजून हातावर आहे. समोरचे चार दात कवळीचे, ती काढून जावयासमोर स्ट्रेचरवरून जाणार नाही म्हणते. त्याआधी केस रंगवायचे आहेत. आणि गळ्यावरचा व्रण. "त्यात काय एवढं" म्हणून तिला गप्प करायचं नाही आहे. नेमकं काय काय करता येईल?

ओटीतली_सिस्टर:
मंगळसूत्र काढावंच लागेल. चीर गळ्यावरच आहे आणि तो सगळा भाग औषधाने पुसून निर्जंतुक करतात. वॉर्डात सिस्टरच्या हाती देऊ नका. घरीच, देवापुढे, आईंच्या हातानेच काढून तुमच्याकडे ठेवा. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात घाईघाईत काढायला लावलं की बाईमाणसाला फार लागतं. सौभाग्याची खूण हवीच असेल तर धातू नसलेला साधा सुती दोरा घोट्याला चालेल का, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. मनगटाला नको, तिथे सलाईन लागतं.

जोडवी सकाळी उठल्या उठल्या काढा, तेव्हा पायावर सूज कमी असते. पाय 10-15 मिनिटं उशीवर उंच ठेवा, थंड पाण्यात बुडवा, मग साबणाचं पाणी लावून गोल फिरवत काढा. ओढू नका, ओढलं की कातडी गोळा होऊन आणखी घट्ट बसतं. तरी अडलं तर रेशमी दोरा घ्या. त्याचं एक टोक जोडव्याखालून पायाच्या बाजूला सरकवा. दुसरं टोक जोडव्यापासून नखाकडे, वेढ्याला वेढा चिकटवत, बोटाच्या सांध्यापलीकडे गुंडाळा. मग पायाकडचं टोक धरून दोरा सोडवत जा, जोडवं पुढे सरकत येतं. बोट निळं पडलं किंवा दुखलं तर लगेच थांबा. इतवारीच्या सराफ्यात कापून देतात, चांदीला नंतर डाग देऊन जोडताही येतं. हे काम बुधवारवर ठेवू नका. कारण साधं आहे: ऑपरेशननंतर सूज आली तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो, आणि कॉटरीच्या (रक्त थांबवायला वापरतात त्या उपकरणाच्या) विजेमुळे धातूजवळ भाजण्याचा धोका असतो.

नाकात चमकी असेल तर तीही काढा. सैल फिरकी घशात जाऊ शकते.

भूल_विभाग:
मेंदीसाठी ऑपरेशन अडत नाही. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर नखातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतो. लालसर मेंदीने सहसा फरक पडत नाही. काळी, दाट मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर आकडा कमी दिसतो किंवा येतच नाही. तेव्हा सेन्सर कानाच्या पाळीला लावतात. म्हणून लिंबू किंवा ब्लीच घासून हात सोलू नका, फक्त भूलतपासणीच्या वेळी सांगा. नेलपॉलिश मात्र हातापायांची सगळी काढा. काजळ, पावडर, क्रीमही नको: डोळे चिकटपट्टीने बंद करतात तेव्हा काजळाचे कण बुबुळाला खरचटतात, आणि क्रीममुळे ईसीजीचे पॅच सुटतात.

कवळीसाठी अगदी स्पष्ट मागा: "ओटीच्या दारापर्यंत कवळी राहू द्या." बहुतेक ठिकाणी मान्य होतं. झाकणाच्या डबीत थोडं पाणी, वर नाव, आणि डबी रिकव्हरी रूममध्ये परत पोचेल याची खात्री. पूर्ण शुद्ध येईपर्यंत मात्र घालायची नाही. हलणारा खरा दात असेल तर तोही सांगा, नळी घालताना तो निसटू शकतो. चष्म्याचंही तसंच मागता येतं.

केस_आणि_कातडी:
केस रंगवायचे तर आजच, नाहीतर नंतर. डायची ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उठते, आणि मानेवर पुरळ असेल तर तारीख पुढे जाते. बुधवारी डोकं धुवा, तेल लावू नका. मान मागे झुकवून झोपवतात, त्यामुळे मागचा अंबाडा टोचतो. दोन वेण्या घालून वर बांधा, पिना नको. गळ्यावर वॅक्सिंग नको, घरी रेझरही नको. रेझरच्या बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो. लव काढायची गरज पडली तर हॉस्पिटलमध्येच क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढतात.

व्रणाबद्दल: चीर बहुधा 4 ते 6 सेंमी, गळ्याच्या नैसर्गिक घडीत घेतात. सर्जनना विनंती करा की आई बसलेल्या असतानाच खूण करा. आडवं झाल्यावर घडी सरकते. पूर्वी कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी जाड गाठ उठली असेल तर आत्ताच सांगा, ती केलॉइडची (व्रण प्रमाणाबाहेर जाड वाढण्याची) खूण असू शकते. पहिले दोन-तीन महिने व्रण लाल आणि जाडसर दिसतो. हे आईंना आधीच सांगा, नाहीतर आरशात बघून घाबरतात. मग वर्षभर तो फिका होत जातो. जखम पूर्ण बंद झाल्यावर, सर्जनना विचारून, सिलिकॉन जेल किंवा पट्टी दिवसाला किमान 12 तास, दोन-तीन महिने. नागपूरच्या उन्हात व्रण काळा पडतो, त्यामुळे सुती दुपट्टा आणि एसपीएफ 30 चं क्रीम. हळद लावू नका.

संत्राबर्फी:
मंगळसूत्र परत कधी घालता येईल?

ओटीतली_सिस्टर:
टाके आणि खपली गेल्यावर, सर्जननी बघून हो म्हटल्यावर. सुरुवातीला लांब घाला, वाटी व्रणाच्या खूप खाली येईल असं. आखूड पोत तिथेच घासते. आणि घरी येताना घालायला समोरून बटणांचा गाऊन आणा, डोक्यावरून घालायचा नको.