अनुभव धागा: आई, रविवार आणि चर्च

आईच्या आठवणीच्या प्रार्थनेत दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि लिहून नेलेलं 'श्रद्धाळू, प्रेमळ, कष्टाळू' वाचताना मलाच कळलं की हे कुणाच्याही आईला चालेल, आमची आई यात कुठेच नाही. म्हणून हा धागा. घरात दर रविवारी चर्चला जाणारी आणि बाकीच्यांना झोपेतून ओढून नेणारी आई, बायको, सासू असेल तर तिचं एखादं खरं काहीतरी लिहा, गुणगान नको.

मीच सुरू करतो. आईच्या बायबलमध्ये समासात पेन्सिलीने तारखा आहेत. 121व्या स्तोत्रापाशी माझ्या निकालाची, बाबांच्या ऑपरेशनची. 23वं सगळ्यांना पाठ असतं, तिथे एकही नाही. आणि 88व्यापाशी एकच तारीख आहे. ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीय, बाकीची रडगाणी शेवटी कुठेतरी आशेवर येतात, हे येत नाही, अंधारातच संपतं. कायम गुणगुणणारी आमची आई त्या दिवशी तिथे का थांबली असेल, मला काहीच माहीत नाही.

*

मी चर्चला न जाणारा नवरा. एकतीस वर्षं तिला फक्त सोडायचं, बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचं आणि घेऊन यायचं. ती बेसूर गायची, अगदी मनापासून बेसूर, त्यामुळे बाहेरसुद्धा नेमकी तीच ऐकू यायची. आता गाणी बाहेर येतात ती सगळी सुरात असतात.

*

माझा अनुभव गोड नाहीये, आधीच सांगते. आई सगळ्या मंडळीची होती, कुणी आजारी, कुणाकडे मयत, महिला मंडळाची सभा, आणि माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी एकटी कुकर लावत बसलेली. अंत्यविधीला लोक रांगेने येऊन सांगत होते "त्या आमच्या आईच होत्या" आणि मला भरून वगैरे आलं नाही, राग आला. अजूनही थोडा आहे. तरी परवा शेजारच्या काकू दवाखान्यात होत्या तर डबा घेऊन मीच गेले, का ते विचारू नका.

*

सासूबाईंना शेवटी शेवटी आम्ही कुणीच ओळखू येत नव्हतो, पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की शेवटपर्यंत म्हणायच्या. मी मध्ये एक ओळ चुकले तर थांबवून सुधारायच्या पण :)

*

आम्ही कॅथलिक. आईला संत मोनिका फार जवळची, मुलगा देवाकडे वळावा म्हणून वर्षानुवर्षं रडलेली आई. 387 मध्ये त्या मुलाचा, म्हणजे संत ऑगस्टिनचा, बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती गेली. तिचा सण 27 ऑगस्टला, मुलाचा लगेच 28 ला. मी चर्च कधीच सोडलेलं, त्यावर आई एका शब्दाने भांडली नाही, फक्त दरवर्षी 27 ला फोन करून "आज मोनिकाचा दिवस रे" एवढं बोलून ठेवून द्यायची. बास, टोमणा पोचायचा. मोनिकाने मुलांना सांगितलेलं की मला कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण करा. आईनेही अगदी हेच सांगून ठेवलं. त्यामुळे तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, द्यायला वर्षातून एकदा तरी मला आत जावंच लागतं, जाताजाता बरोबर अडकवलंन.

*

धागाकर्ते, 88 जवळच्या तारखेचं वडिलांना विचारलंत का?

*

विचारलं काल. पान उघडून त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले चष्मा दे. चष्मा डोळ्यावरच होता.