मराठी भयपट, पहिला शुक्रवार आणि टेलिग्रामवरची लिंक: आधी कुठली भोकं बुजवायची?

गोदाकाठ
कमी बजेटचा मराठी भयपट. नाशिक, पुणे, मुंबई मिळून ४० च्या आसपास पडदे, आणि सगळा हिशोब पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर. पायरसी रोखायला वेगळे पैसे जवळपास नाहीत. कॉपी नेमकी फुटते कुठून? भयपटाला फटका जास्त बसतो का? आणि लिंक आलीच, तर पहिल्या दिवशी काय करायचं? "येतेच हो, काही उपयोग नाही" हे उत्तर सोडून बोला.

रीळ_सहावं
असतील ते पैसे रिलीजच्या आधी लावा. कार्नेगी मेलनच्या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात रिलीजआधी फुटलेल्या चित्रपटांचा गल्ला नंतर फुटलेल्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी कमी निघाला. आपल्याकडे 'उडता पंजाब' जून २०१६ मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी नेटवर आला, तेव्हा कॉपीवर 'फॉर सेन्सॉर' असं लिहिलेलं होतं. थिएटरवाल्यांचा त्यात संबंधच नाही.

कॉपी कोणाकडे कधी गेली याची वही ठेवा: पार्श्वसंगीत, साउंड, व्हीएफएक्स, सबटायटल, ट्रेलर कापणारा, वितरक, ओटीटीवाले. पूर्ण सिनेमा एका फाइलीत शक्यतो कोणालाच देऊ नका. रीळवार तुकडे, कमी रिझोल्यूशन, आणि घेणाऱ्याचं नाव फ्रेमच्या मधोमध. कोपऱ्यातलं नाव कापून टाकायला दोन मिनिटं लागतात. क्लायमॅक्सचं रीळ सगळ्यात शेवटी, आणि ज्याचं काम आहे त्यालाच. ड्राइव्हवर "लिंक असेल तो कोणीही पाहू शकेल" ही सेटिंग चालू राहणं हा सगळ्यात फुकटचा घोळ.

डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी सिनेमाची डिजिटल प्रत, एनक्रिप्टेडच (कुलूपबंद) काढा. तिची चावी, म्हणजे केडीएम, त्या-त्या सर्व्हरपुरती बनते आणि ठरलेल्या तारीख-वेळेतच चालते. प्रीमियरची चावी वेगळी, काही तासांचीच. गोची होते ती थिएटरने मीडिया ब्लॉक (सर्व्हरमधला कुलूप उघडणारा भाग) बदललेला असतो आणि तुमच्याकडे जुना नंबर असतो तेव्हा. शुक्रवारी सकाळी खेळ लागत नाही आणि फोन येतो, "बिनकुलपाची पाठवा". पाठवू नका. केडीएम ही छोटी फाइल आहे, नवी मेलवर येते. नंबर बुधवारीच ताडून घ्या.

तर्री_जास्त
थिएटरात मोबाइलवर काढलेल्या प्रिंटमध्ये सगळ्यात आधी भयपट मरतो. अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढवतो, काळ्या रंगात नुसते दाणे दिसतात. माइकचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) शांतता वर उचलतो आणि दचकवणारा आवाज दाबतो. थिएटरच्या ५.१ सराउंड साउंडमध्ये मागच्या भिंतीतून आलेले पैंजण त्या प्रिंटमध्ये समोरच वाजतात. असला माल बघितलेला माणूस ग्रुपवर लिहितो, "काही भीती नाही वाटली यार". तिकीट बुडतं ते एक, तोंडी प्रसिद्धी बुडते ती कितीतरी जास्त. विनोदी सिनेमातला संवाद वाईट प्रिंटमध्येही हसवतो, दचक्याचं तसं नाही.

पण वरच्यांशी थोडा मतभेद. घरी सिनेमा मिळतो म्हणून थिएटर रिकामं राहतं, हे सरसकट खरं नाही. २०१८ चा 'तुंबाड' कितीतरी वर्षं ओटीटीवर होता. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. तेव्हा साउंड मिक्समध्ये काटकसर करू नका, आणि ट्रेलरमध्ये सगळे दचके उधळू नका.

कलम_त्रेसष्ट
सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने कलम ६एए आणि ६एबी आली. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग केलं की किमान ३ महिने, कमाल ३ वर्षं कैद. दंड ३ लाखांपासून लेखापरीक्षित निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणि सेन्सॉर बोर्डाने नोडल अधिकारी नेमलेत, त्यांच्या आदेशावर प्लॅटफॉर्मने ४८ तासांत कारवाई करायची. पण शुक्रवारी दुपारचे ४८ तास म्हणजे रविवार दुपार, मलई गेलीच. म्हणून तक्रारीसोबतच कॉपीराइट नियम ७५ ची नोटीस थेट प्लॅटफॉर्मला धाडा. तिथे मुदत ३६ तासांची. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दिला नाही, तर लिंक परत चालू होऊ शकते.

सेन्सॉर प्रमाणपत्र, हक्कांचा करार आणि अधिकारपत्र यांची एक पीडीएफ गुरुवारीच तयार हवी. टेलिग्रामच्या चॅनेलचं नुसतं नाव देऊन भागत नाही, प्रत्येक पोस्टची स्वतंत्र लिंक लागते, वेळ दिसणाऱ्या स्क्रीनशॉटसह. गुन्हा नोंदवायचा तर कॉलेज रोडच्या थिएटरसाठी नाशिक शहर सायबर पोलीस ठाणे, मालेगाव-मनमाडसाठी ग्रामीणचं.

गोदाकाठ
वही आजपासून सुरू. एकच राहिलं: थिएटरात सापडलेल्या क्लिपवरून पडदा ओळखता येतो ना?

रीळ_सहावं
डीसीआय (हॉलिवूड स्टुडिओंनी ठरवलेलं डिजिटल सिनेमाचं मानक) पाळणारा सर्व्हर असेल तर हो. दर पाच मिनिटांत ३५ बिटांची न दिसणारी खूण जाते: १६ वेळेचे, १९ सर्व्हरचे. पण पक्क्या ओळखीसाठी ३० मिनिटांचा नमुना धरलाय, त्यामुळे २० सेकंदांच्या रीलवरून काही हाती लागत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. डोअरकीपरला सांगा, इंटरव्हलनंतर एक फेरी आणि शेवटची १५ मिनिटं मागच्या रांगेपाशी उभं राहायचं. रीलवर शेवटच टाकतात.