सांभाळणारीच्या नावावर पैसे का नकोत?

विरळणीवाली, तासगाव
मोठ्या नणंदेला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे अंग ताब्यात नसतं, वय 41. सासूबाई होत्या तोवर त्यांनी केलं, दोन वर्षं झाली मी करते. आधी मी टोळीबरोबर द्राक्षबागेत जायचे, विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला. आता मुकादमाने फोन करणंही सोडलं. नणंदेला संजय गांधी योजनेचे पैसे येतात, ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाले. डायपर आणि फिटच्या गोळ्यांत संपतात. ते तिचे आहेत, माझा त्यावर डोळा नाही. पण जिचं काम सुटलं तिच्या नावावर वेगळे काही नकोत का? केरळात 'आश्वासकिरणम्'मधून सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 ठरवलेत. 600 म्हणजे काय म्हणा, पण निदान काम म्हणून मोजलं तरी.

बापू, मिरज
ताई, राग मानू नका. घरच्या माणसाचं करायचा सरकारनं पगार द्यायचा? आमच्या घरी आजोबा नऊ वर्षं अंथरुणाला होते, आईनं एका शब्दानं तक्रार केली नाही. आणि पैसे चालू झाले की गावात खोटे सांभाळणारे किती निघतील बघा. लाडक्या बहिणींत भाऊ निघालेच की.

कृष्णाकाठ
नऊ वर्षांत तुम्ही किती दिवस केलंत, बापू?

बापू, मिरज
मी नोकरीला पुण्यात होतो.

निवृत्त भाऊसाहेब
ताई मागतात ते कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 24. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्ता असं स्पष्ट लिहिलंय. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला पाचर मारून ठेवलीय: सरकारच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. आता संजय गांधीची अट बघा. दिव्यांगासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 पर्यंत, म्हणजे दिवसाला 137 रुपये. एवढ्यात घर चालवणारं कुटुंब मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, तसे दाखले मात्र रोज पाहिले.

चाकांवरचा, विटा
सगळे बोलले, ज्याचं करायचं त्याला कुणी विचारलं? मी व्हीलचेअरवर आहे, भावाकडे राहतो. पैसे वहिनीच्या नावावर गेले की मी तिचं काम झालो. ती रुसली तर माझी अंघोळ दुपारपर्यंत लांबते, आजही लांबते. पैसे माझ्या हातात द्या, मी गडी ठेवीन, नाही पटला तर बदलीन. वहिनी बदलता येत नाही. भाऊसाहेबांनी सांगितलेल्या कलमातही भत्ता दिव्यांग व्यक्तीलाच म्हटलाय.

विरळणीवाली, तासगाव
दादा, तुमचं खरं आहे. मी या बाजूनं विचार केला नव्हता. पण तुम्ही नाही पटलं तर सांगू शकता. माझ्या नणंदेला नोट आणि कागद यातला फरक कळत नाही. तिच्या वतीनं सही मीच करणार. मग पैसे तिच्या नावावर काय, माझ्या काय?

चाकांवरचा, विटा
फरक आहे. तुम्ही उद्या सोडून गेलात तर पैसे तिच्याबरोबर राहतील. आणि सहीचं म्हणाल तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात रीतसर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून. तेवढं करून घ्या, भत्ता येवो न येवो.

कृष्णाकाठ
मला दोन्ही पटत नाही. 600 द्या नाहीतर 2,500, बाई घरातच अडकणार. तालुक्याला एक दिवसभराचं केंद्र काढा, गाडी नेईल आणि आणेल.

विरळणीवाली, तासगाव
नऊ ते पाच कुणी सांभाळणार असेल तर भत्त्यावर पाणी सोडते. उद्या मुकादमाला फोन लावते.

बापू, मिरज
हे मात्र मलाही पटलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठीच असतो. दरवर्षी घरटी वाटून संपवतात. ग्रामसभेत उभं राहून मागा ना, ताई.

विरळणीवाली, तासगाव
बापू, ग्रामसभेला जायचं तर तेवढा वेळ हिच्याजवळ कोण बसणार?