शब्दचर्चा: खेडचा दुकानदार 'परवानाधारक' म्हणायचा का?

केळशीकर
खेडमधल्या ओळखीच्या एका दुकानदाराला काउंटरवर लावायची सूचना मराठीत करून हवी आहे. आखातातून आलेले पैसे तो लोकांना देतो. मुलगा तिकडे एक्स्चेंजमध्ये दिरहम भरतो, इकडे आई ओळखपत्र आणि व्यवहाराचा नंबर दाखवून रोख रुपये नेते. त्याने स्वतः फलक लिहिलाय: 'रिझर्व्ह बँक परवानाधारक मनी ट्रान्सफर'. पण कंपनीच्या कागदावर त्याच्यापुढे 'सब एजंट' आहे. मग 'परवानाधारक' चालेल? आणि 'मनी ट्रान्समिशन'ला काय म्हणायचं? एकाने 'धन पारेषण' सुचवलं, मला विजेचे मनोरेच दिसायला लागले.

जुना डाकवाला
'परवानाधारक' मुळीच नको. शब्द चुकला एवढंच नाही, माहिती खोटी होते. परदेशातून घरी पैसे आणायच्या या योजनेत ('मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम') रिझर्व्ह बँकेची मान्यता असते ती 'भारतीय एजंट'ला. म्हणजे बँक, अधिकृत मनी चेंजर किंवा आपलं टपाल खातं. दुकानदार हा त्या एजंटाने नेमलेला माणूस. त्याच्याकडे स्वतःचं काही नाही. 'अमुक कंपनीचे सबएजंट' असं लिहा. 'उपअभिकर्ता' लिहिलंत तर खेडमध्ये कोणी वाचणार नाही.

'ट्रान्समिशन'ला 'पैसे पाठवणे' पुरे. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डरी पोचवल्या, चाकरमान्यांच्या पैशावर अख्खी गावं जगली, तेव्हा कुठे कोणाला पारेषण लागलं? आमच्याकडे दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न, "मुंबयची मनिआडर इली काय?"

सूचनेत मर्यादा मात्र ठळक टाका. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका माणसाला वर्षात ३० वेळा, आणि हातात रोख ५०,००० रुपयांपर्यंतच. त्यापुढची रक्कम खात्यात किंवा चेकने. मूळ मजकुरातल्या 'फॅमिली मेंटेनन्स'चं 'कुटुंब निर्वाह' करू नका, सरळ 'घरखर्च' लिहा. जमीनखरेदी, व्यापार, देणगी यांचे पैसे या वाटेने येत नाहीत, हेही लिहा. भांडणं नेमकी तिथेच होतात.

चिपळूणची वकील
डाकवाले काकांशी सहमत. थोडी भर घालते. आपण तीन शब्द एकात मिसळतो. 'परवाना' फारसीतला, मूळ अर्थ हुकूमनामा. आता बंदुकीचा, दारूचा, बिअर बारचा. 'अनुज्ञप्ती' हे त्याचंच सरकारी रूप, आरटीओत गाडी चालवायला मिळते ती. पण पैशाच्या कायद्यांत मुख्य शब्द आहे 'ऑथराइज', म्हणजे 'प्राधिकृत करणे'. १९९९ च्या फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, 'प्राधिकृत व्यक्ती' आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम ४ म्हणतं की रिझर्व्ह बँकेने प्राधिकृत केल्याशिवाय पेमेंट प्रणाली चालवता येत नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. परवाना म्हटला की लोकांना भिंतीवर टांगायचा कागद आठवतो. 'प्राधिकृत' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणी, कशासाठी? तो प्रश्न ग्राहकाने विचारायलाच हवा.

मिरकरवाडा
मध्येच एक शंका. आमच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, आंब्याच्या बागांत राखणदारही तेच. 'हुंडी'ने पैसे पाठवतो म्हणाले तर आम्हाला वाटलं काहीतरी जुनी सावकारी पद्धत. मग कळलं, नेपाळात हुंडी म्हणजे आपला हवाला!

जुना डाकवाला
बरोबर, आणि भाषांतर करणाऱ्याने इथेच सावध राहायचं. आपल्याकडे हुंडी, म्हणजे व्यापाऱ्याची पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, हा अब्रूदार शब्द. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, शहाजोग हुंडी, वर 'हुंडणावळ'. 'चेक वटला' हे क्रियापदसुद्धा हुंडीकडूनच आलं असावं. १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या (चेक, वचनचिठ्ठी वगैरेंच्या) कायद्याने हुंडीची व्याख्या केली नाही, पण देशी भाषांतल्या दस्तांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले.
नेपाळ्यांसाठी सूचना लावायची असेल तर 'हुंडी नको, बँकेतून पाठवा' एवढं स्पष्ट हवं. त्यांच्यासाठी भारत-नेपाळची वेगळी सोय आहे. खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत, खातं नसलं तरी रोख भरून ५०,००० पर्यंत.

केळशीकर
मग 'हवाला' हा शब्द सूचनेत घालू का? लोकांना तो लगेच कळतो.

चिपळूणची वकील
घाला, पण कंसात किंवा अवतरणात. फेमात शब्द नाही, वर्णन आहे, आणि ते फार नेमकं आहे. परदेशातल्या माणसाच्या सांगण्यावरून इथे कोणी तुम्हाला पैसे दिले, आणि तितके पैसे बाहेरून देशात आलेच नाहीत, तर ते प्राधिकृत व्यक्तीमार्फत आले नाहीत असं धरलं जातं. दिरहम दुबईतच राहिले, खेडात कोणाच्या तरी कपाटातले रुपये निघाले. घेणारी आईसुद्धा फेमाच्या कलम ३ मधल्या बंदीच्या कक्षेत येते, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

मिरकरवाडा
हवाला, हवाली, हवालदार, हवालदिल, सगळे एकाच घरातले?

चिपळूणची वकील
पहिले तीन एकाच घरातले. अरबीत मूळ अर्थ एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. 'अहवाल'ही त्याच धातूचा. हवालदिल मात्र पाहुणा, त्यातला 'हौल' म्हणजे भीती. देवनागरीत दोन्ही 'ह' सारखे दिसतात, अरबीत अक्षरं वेगळी.

केळशीकर
अहवालावरून आठवलं. सबएजंटच्या नियमांत आहे, व्यवहार संशयास्पद वाटला तर वरच्या एजंटला कळवायचं, पण ग्राहकाला 'टिप ऑफ' करायचं नाही, म्हणजे ते कळू द्यायचं नाही. 'गोपनीयता राखणे' फार मोघम होतं. मग काय लिहू?

जुना डाकवाला
'ग्राहकाला कुणकुण लागू देऊ नये.'

चिपळूणची वकील
कुणकुण अफवेची लागते, काका. इथे 'सुगावा'.

जुना डाकवाला
मान्य. 'सुगावा लागू देऊ नये.' आणि खाली नोंदी ५ वर्षं जपायच्या ते विसरू नका. तिथेही 'अभिलेख जतन' नको, 'नोंदी'च ठेवा.